बंदर नसलेली ओळ

रात्री ११.५९. सरळ बारा का नाही?

सिएटलहून निघून, अलास्का बघून, सात दिवसांनी सिएटललाच परतणाऱ्या जहाजांच्या वेळापत्रकात शेवटच्या रात्री ही वेळ बऱ्याचदा भेटते. ‘व्हिक्टोरिया, कॅनडा : आगमन रात्री ८.००, प्रस्थान रात्री ११.५९.’ मिनिटाचं कोडं साधं आहे. बारा लिहिलं की आजचे बारा की उद्याचे असा घोळ होतो, आणि घोळ घालणाऱ्यांसाठी जहाज थांबत नाही. खरं कोडं आहे त्या चार तासांचं. व्हिक्टोरिया हे बागांसाठी नावाजलेलं गाव. तिथे पाहुण्यांना तिन्हीसांजेला न्यायचं आणि निजायच्या वेळी परत आणायचं, हा कुठला पाहुणचार?

उत्तर १८८६ सालच्या एका अमेरिकी कायद्यात आहे. परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात माणसं चढवून ती दुसऱ्या अमेरिकी बंदरात नुसती नेऊन उतरवायची नाहीत, असा तो कायदा. आजची मोठी प्रवासी जहाजं बहामा, बर्म्युडा, पनामा नाहीतर नेदरलँड्सच्या झेंड्याखाली फिरतात. सिएटलहून निघून सिएटललाच यायचं, तर वाटेत एखाद्या परदेशी बंदराला लागून यावंच लागतं. म्हणजे व्हिक्टोरिया हे त्या सहलीतलं स्थळ नाहीच, तो सहीशिक्का आहे. करोनाच्या काळात, २०२१ मध्ये, कॅनडाने प्रवासी जहाजांना आपली बंदरं बंद ठेवली, तेव्हा ही एक ओळ गाळता यावी म्हणून अमेरिकी संसदेला तात्पुरता कायदा करावा लागला. छापील ओळीमागे एवढं काही उभं असतं, म्हणून मला जहाजांची वेळापत्रकं वाचायला आवडतात. माहितीपत्रकातले फोटो मी बघत नाही. फोटोत सगळीच जहाजं निळ्या बर्फासमोर उभी असतात.

पहिल्या वेळी मात्र आम्ही काहीच वाचलं नव्हतं. माझी ताई उन्हाळ्यात सिएटलजवळच्या बेलव्ह्यूला लेकीकडे असते. त्या वर्षी मीही गेलो होतो. भाचीने हौसेने तिकिटं काढली. निघायला आठवडा राहिला असताना ताईने कागद चाळता चाळता विचारलं, “अगं, हे व्हिक्टोरिया कॅनडात ना? मग आपल्याला व्हिसा नको का?” हवा होता. भारतीय पासपोर्टवाल्याला चार तासांच्या व्हिक्टोरियालाही कॅनडाचा व्हिसा लागतो, शिवाय परत येण्यासाठी अमेरिकेचा व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा असावा लागतो. आठवड्यात व्हिसा कुठला मिळायला! तिकीट विकणाऱ्याने याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. सहल बुडाली, पैशांसकट. पुढच्या वर्षी व्हिसा काढून त्याच वाटेने गेलो आणि तीन वर्षांनी पुन्हा, या खेपेला व्हँकुव्हरहून. पुढे जे लिहितो आहे ते वेळापत्रकाच्या या दोन पानांच्या तुलनेतून आलेलं आहे.

व्हँकुव्हरचं पान साधारण असं असतं. पहिला दिवस, दुपारी साडेचारला प्रस्थान. दुसरा दिवस, समुद्रात. तिसरा, जूनो. चौथा, स्कॅगवे. पाचवा, ग्लेशियर बे. सहावा, केचिकन. सातवा, समुद्रात. आठव्या दिवशी सकाळी व्हँकुव्हर. वरवर पाहिलं तर सिएटलच्या पानावरही जवळजवळ हीच नावं, थोडी उलटसुलट. फरक आहे तो ‘समुद्रात’ या शब्दात. दोन्ही पानांवर तो एकाच टायपात छापलेला असतो आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ वेगळा असतो.

सिएटलहून निघालेली जहाजं बहुधा व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून जातात. हे बेट सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब आहे. तेवढी लांबी उघड्यावर काढायची. आमच्या पहिल्या सफरीत ‘समुद्रात’चा अर्थ ताईला पहाटे चार वाजता कळला. ‘बोट लागणे’ हा वाक्प्रचार आपल्याकडे कोकणच्या आगबोटींनी रूढ केला. ताईच्या पिढीने तो फक्त ऐकलेला, तिने त्या दिवशी तो अनुभवला. दिवसभर खिडकीबाहेर करडं पाणी आणि करडं आभाळ. जहाजावर लिलाव, बिंगो, घड्याळांची विक्री चाललेली. किनारा दिसलाच नाही.

व्हँकुव्हरहून निघालेलं जहाज त्याच बेटाच्या पूर्वेने, बेट आणि मुख्य भूमी यांच्या मधून जातं. तिथे बेटच बांधासारखं आडवं उभं असतं. दोन्ही अंगांना देवदार आणि हेमलॉकची रानं पाण्यापर्यंत उतरलेली, मध्ये काळंशार शांत पाणी, क्वचित एखादं दीपगृह, क्वचित लाकडाच्या ओंडक्यांचा तराफा ओढत नेणारी छोटी बोट. चहाच्या पेल्यात तरंग उठत नाही. अगदी सगळी वाटच अशी आहे असं नाही. बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडचा काही तासांचा उघडा पट्टा येतो आणि तिथे जहाज डुलतंच. पण पहिल्या पानावर जे दिवसभराचं, ते इथे तासांचं.

साडेचारची वेळही उगीच नाही. या वाटेवर सीमोर नॅरोज नावाची एक चिंचोळी खिंड आहे. भरती-ओहोटीचा प्रवाह तिथे इतका जोरात धावतो की त्याचा वेग पंधरा नॉटपर्यंत जातो. म्हणून जहाजं पाणी थबकण्याची घडी साधून खिंड ओलांडतात आणि व्हँकुव्हरहून निघण्याची वेळ त्या घडीशी जुळवून घेतात. पूर्वी खिंडीच्या ऐन मध्यावर रिपल रॉक नावाचा दुशिंगी खडक पाण्याखाली दबा धरून होता. शंभरावर नौका त्याने फोडल्या. वरून सुरुंग लावायचे दोन प्रयत्न फसले, कारण प्रवाहात तराफा जागचा हलतच राही. शेवटी शेजारच्या बेटावरून खाली विवर खणलं, समुद्राच्या तळाखालून बोगदा नेला, खडकाच्या पोटात शिरून वरच्या दिशेने बिळं पाडली, त्यांत तेराशेहून अधिक टन स्फोटकं भरली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी त्याची शिखरं उडवून दिली. अण्वस्त्रं वगळली तर तोपर्यंतच्या सर्वांत मोठ्या हेतुपुरस्सर स्फोटांत त्याची गणना होते. आम्ही रात्री तिथून गेलो, जहाजातले बहुतेक लोक जेवून नाटक बघायला गेलेले. डेकवर सहासात माणसं. पाण्याचे भोवरे जहाजाच्या दिव्यांत तेलकट चमकत होते आणि एवढं मोठं धूड, पण सुकाणूवरचा हात जड झाल्यासारखं किंचित तिरकं होऊन सरळ झालं. वेळापत्रकात या खिंडीचं नाव नसतं. साडेचारात ती लपलेली असते.

मग सगळी जहाजं व्हँकुव्हरहूनच का निघत नाहीत? विमानं, हॉटेलं, अमेरिकी गिऱ्हाईक ही कारणं आहेतच, पण एक कारण मोजपट्टीचंही आहे. व्हँकुव्हरच्या धक्क्याला जायचं तर लायन्स गेट पुलाखालून जावं लागतं आणि त्याच्याखालची मोकळी उंची आहे ६१ मीटर. सर्वांत उंच जहाजांची टाळू तिथे लागते. म्हणजे व्हँकुव्हरच्या पानावर अतिप्रचंड जहाज नसणं हे पुलानेच ठरवलेलं असतं. मी हा पूल रसिकांच्या बाजूचा मानतो.

आता पाचवा दिवस. पानावर बंदरांच्या नावांपुढे आगमन आणि प्रस्थान लिहिलेलं असतं. ग्लेशियर बेच्या ओळीत मात्र कोणी उतरत नाही. धक्का नाही, दुकान नाही, बस नाही. जहाज सकाळी आत शिरतं, सुमारे नऊ-दहा तास आत हिंडतं आणि दुपारनंतर बाहेर पडतं. पहिल्यांदा वाचणाऱ्याला ही ओळ रिकामी वाटते. माझ्या हिशेबी सबंध पान या ओळीसाठी लिहिलेलं असतं.

ग्लेशियर बे हे अमेरिकेचं राष्ट्रीय उद्यान आहे, १९८० पासून. त्याआधी १९२५ पासून राष्ट्रीय स्मारक. उन्हाळ्यात दिवसाला मोठी प्रवासी जहाजं आत सोडतात ती जास्तीत जास्त दोन. त्यासाठीचे परवाने मोजक्या कंपन्यांकडे आहेत. हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस ही त्यांतली जुनी नावं. त्यामुळे ‘हिमनदी दर्शन’ असं मोघम लिहिलेलं पान आणि ‘ग्लेशियर बे’ असं नाव घेऊन लिहिलेलं पान यांत फार अंतर आहे. मोघम शब्द दिसला की विचारावं, कुठली हिमनदी?

ट्रेसी आर्म किंवा एंडिकॉट आर्म असेल तर तीही वाट देखणी आहे. अरुंद, उभ्या कड्यांची, धबधब्यांची. पण तिथे जहाज एखाद्या सकाळपुरतं डोकावतं आणि दुपारी जूनोला लागायची घाई असते. शिवाय बर्फाचे तुकडे दाटले की शेवटपर्यंत जाता येत नाही. आमच्या पहिल्या सफरीत तेच झालं. तोंडाशी अर्धा तास घुटमळून जहाज माघारी फिरलं. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ते लिहिलेलं होतंच, दोष कोणाला देणार! ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रेसी आर्मच्या टोकाशी डोंगराची कड पाण्यात कोसळली आणि उठलेली लाट समोरच्या उतारावर शेकडो मीटर चढली. पहाटेची वेळ होती, हिमनदीपाशी प्रवासी जहाज नव्हतं, म्हणून निभावलं. बर्फ मागे सरला की त्याने टेकू दिलेले कडे मोकळे पडतात. ही वाट निवडताना एवढं ठाऊक असावं.

व्हिटियर किंवा सेवर्डपर्यंत एकाच दिशेने जाणाऱ्या काही जहाजांच्या पानावर हबर्ड हिमनदी असते. तिचा आवाकाच निराळा. लांबी १२० किलोमीटरच्या वर, पाण्याकडचं तोंड दहाएक किलोमीटर रुंद, आणि बाकीच्या बहुतेक हिमनद्या मागे हटत असताना ही पुढे सरकते आहे. १९८६ साली आणि पुन्हा २००२ साली तिने पुढे येऊन शेजारच्या रसेल फ्योर्डचं तोंड बुजवलं आणि समुद्राच्या खाडीचं तळं करून टाकलं. काही महिन्यांनी पाण्यानेच बांध फोडला. तिच्यापुढच्या उपसागराचं नाव डिसएन्चांटमेंट बे, मोहभंगाचा उपसागर. १७९१ मध्ये स्पॅनिश आरमारातला दर्यावर्दी मालास्पिना इथून अटलांटिककडे वाट निघेल म्हणून आला होता, समोर बर्फाची भिंत बघून त्याने हे नाव ठेवलं. आज लोक तीच भिंत बघायला पैसे मोजून जातात. भव्यता हवी असेल तर हबर्ड. मी तरीही ग्लेशियर बेच्या बाजूचा आहे, कारण तिथे काळ वाचता येतो.

१७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेतली माणसं इथल्या सामुद्रधुनीत आली तेव्हा हा उपसागर जवळपास नव्हताच. तोंडाशीच बर्फाची प्रचंड भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर स्थानिक लिंगिट वाटाड्यांबरोबर होडीतून आला, तोवर बर्फ चाळीस मैलांहून अधिक मागे गेलेला. १९१६ च्या सुमारास तो तोंडापासून ६५ मैलांवर, खाडीच्या टोकाला पोचला. म्हणजे आज जहाज ज्या पाण्यावरून सकाळभर जातं, ते सगळं सव्वादोनशे वर्षांपूर्वी बर्फाखाली होतं. किनाऱ्यावरचं रान बघत राहिलं की हा काळ उलगडतो. तोंडाशी उंच, दाट, शेवाळलेली जुनी झाडं. जसजसं आत जावं तसतशी ती ठेंगणी होत जातात, मग आल्डरची झुडपं, मग नुसतं शेवाळ, आणि शेवटी उघडा, ओरखडलेला, अजून काहीच न उगवलेला खडक. सकाळच्या दोन-तीन तासांत दोन शतकं मागे जाता येतं, खुर्चीवरून न उठता.

आणि ही ओसाड भूमी नव्हती. बर्फ पुढे येण्याआधी इथल्या सपाटीवर हुना लिंगिट लोकांची गावं होती. अठराव्या शतकात हिमनदी वेगाने पुढे सरकली आणि त्यांना घरदार सोडून पळावं लागलं. ती हकिगत त्यांनी गाण्यांत, कथांत जपली. बर्फ मागे हटल्यावर त्यांची भूमी मोकळी झाली, पण तोवर तिथे सरकारी उद्यानाचे नियम आले होते. २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं सामायिक कुलगृह पुन्हा उभं राहिलं. जहाज त्याच कोव्हपाशी वेग कमी करतं. छोट्या नावेतून उद्यानाचे रेंजर येतात आणि चालत्या जहाजाच्या कुशीला लावलेल्या दोराच्या शिडीवरून वर चढतात. सकाळी लवकर उठून हे बघावं.

मार्जरी हिमनदीपाशी जहाज थांबतं तो तास मी दुसऱ्या सफरीत पुढच्या उघड्या डेकवर काढला. पाणी तांदळाच्या धुवणासारखं. हिमनदीने दळलेल्या खडकाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. बर्फाचे तुकडे अंगाला लागून जातात तेव्हा एक बारीक, न थांबणारी चुरचुर ऐकू येते. नुकती उघडलेली सोड्याची बाटली कानाशी धरावी तशी. बर्फात दाबून राहिलेली जुनी हवा बुडबुड्या-बुडबुड्याने सुटत असते. समोर मैलभर रुंद, सुमारे अडीचशे फूट उंच भिंत. निळा रंग तिच्या भेगांत असतो, पृष्ठभागावर नसतो. बर्फ जितका दाबलेला आणि दाट, तितका प्रकाशातला तांबडा भाग तो गिळतो आणि निळा परत पाठवतो. शेजारच्या कड्यावर किटिवेक पक्ष्यांचा कलकलाट.

मग एक तुकडा सुटतो. आधी दिसतो, आवाज मागाहून येतो. जहाज अर्धा किलोमीटर दूर असेल तर दीड सेकंदाने. हा दीड सेकंद फार महत्त्वाचा आहे. आवाज ऐकून जो मान वळवतो त्याला नुसतं उडालेलं पाणी दिसतं. ज्याला पडणं बघायचं आहे त्याने तोंडाने बोलणं आणि डोळ्यांनी इकडेतिकडे बघणं सोडून भिंतीकडे नजर लावून उभं राहायला हवं. लिंगिट लोक या आवाजाला पांढरी मेघगर्जना म्हणतात, असं रेंजरने सांगितलं. मेघगर्जना मी सह्याद्रीत पुष्कळ ऐकली आहे. हा आवाज वरून येत नाही. समोरून येतो आणि छातीवर आदळतो.

पहिल्या सफरीत परतीच्या वाटेवर एक हिमनदी लांबून दिसली होती, तेव्हा आमच्या जहाजावरचे लोक वरच्या काचबंद, उबदार दालनात होते. पहाटे पाचपासून खुर्च्यांवर स्वेटर टाकून जागा धरलेल्या, आपल्या एस.टी.त टाकतात तशा. पुढचा उघडा डेक बंद. काचेतून सगळं स्पष्ट दिसत होतं आणि आवाज शून्य. मूकपट. जहाज कुठलं ते सांगत नाही, कारण त्यात त्या जहाजाचा दोष नव्हता. ते उबदार समुद्रांसाठी बांधलेलं होतं, त्याचं तोंड पोहण्याच्या तलावांकडे होतं, पाण्याकडे नव्हतं.

म्हणून जहाज निवडताना मी केबिनचा आकार आणि उपाहारगृहांची संख्या बघत नाही. डेकचा नकाशा मागतो आणि त्यात दोन गोष्टी शोधतो. एक, जहाजाच्या नाकावर प्रवाशांना उभं राहू देतात का. दोन, खालच्या मजल्यावर जहाजाला पुरी प्रदक्षिणा घालता येईल असा उघडा फिरता डेक आहे का. जुन्या बांधणीच्या जहाजांत तो असतो. हॉलंड अमेरिकेचं २००० साली आलेलं झांडाम घ्या. सव्वाचौदाशेच्या आसपास प्रवासी, आजच्या मानाने मध्यम, थोडं जुनाट, आणि लाकडी फिरता डेक पाण्यापासून फार उंच नाही. देवमासा श्वास सोडतो तेव्हा तो फुस्कारा आधी ऐकू येतो आणि मग कुठे दिसतो. चौदाव्या मजल्यावरून तो ऐकू येत नाही. याच कंपनीच्या जहाजांवर हिमनदीच्या दिवशी डेकवर गरम वाटाण्याचं सूप वाटतात, जुना डच रिवाज आहे. शाकाहाऱ्यांनी आधी विचारून घ्यावं, मूळ पाककृतीत डुकराचं मांस असतं. ताईने विचारलं, वेगळं सूप आलं, आणि तिने त्यात पर्समधलं मेतकूट घातलं.

दीड लाख टनांच्या वरच्या, चार हजार माणसांच्या जहाजांना नावं ठेवायचा माझा विचार नाही. नॉर्वेजियन ब्लिसच्या छतावर गो-कार्टची शर्यतवाट आहे. बारा वर्षांचा नातू बरोबर असेल तर तेच घ्यावं, तो हिमनदीकडे दहा मिनिटंच बघणार आहे. दुसऱ्या टोकाला साठ-सत्तर प्रवाशांच्या छोट्या अमेरिकी नौका आहेत. त्या मोठ्या जहाजांना न मावणाऱ्या खाड्यांत शिरतात, हवा भरलेल्या होड्या उतरवतात, किनाऱ्यावर चालायला नेतात. त्यांचं भाडं ऐकून मी पत्रक सन्मानाने मिटलं.

बाल्कनीबद्दल सगळे विचारतात, डावी घ्यावी की उजवी. हिमनदीसमोर जहाज सावकाश गोल फिरतं, दोन्ही बाजूंना दर्शन मिळतं, त्यामुळे हा प्रश्न निकालात निघतो. माझं मत विचाराल तर बाल्कनीच नको. बाल्कनीतून अर्धंच आभाळ दिसतं आणि माणूस तिथेच बसून राहतो. आतली, बिनखिडकीची केबिन घ्यावी. तिथे झोपेपलीकडे काही करता येत नाही, मग आपोआप डेकवर यावं लागतं. वाचलेल्या पैशांत चांगला पावसाळी कोट घ्यावा.

बंदरांविषयी थोडक्यात. पानावर बंदराचं नाव वाचू नका, तास वाचा. सहा तासांचं केचिकन म्हणजे दुकानं. दहा तासांचं केचिकन म्हणजे टोटेम खांब, सॅमनने भरलेली नदी आणि एक निवांत जेवण. पाऊस तिथे वर्षाला दीडशे इंचांच्या आसपास पडतो, महाबळेश्वरच्या माणसाने त्याचा बाऊ करू नये. स्कॅगवेला १८९८ च्या सोन्याच्या हव्यासातून सुरू झालेली तीन फुटी रुळांची व्हाइट पास रेल्वे आहे, ती वीस मैलांत सुमारे २,८०० फूट चढते. तिच्यात बसावं. जूनो ही राज्याची राजधानी असून तिथे बाहेरून रस्ताच येत नाही, फक्त जहाज आणि विमान. सुमारे बत्तीस हजारांचं गाव. माणसं इतकी लोटू लागली की गावाने कंपन्यांशी करार केला. २०२४ पासून दिवसाला पाच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून दिवसाला १६ हजार प्रवासी, शनिवारी १२ हजार. म्हणजे तरीही गावाच्या निम्मे पाहुणे रोज. त्या दिवशी बंदरात आणखी कोणती जहाजं आहेत ते पाहून ठेवावं. आमच्या दिवशी चार होती. मेंडेनहॉल हिमनदीकडे जाणाऱ्या बसची रांग पाहून ताई म्हणाली, “पंढरपूरला बरं, तिथे निदान टाळ तरी असतात.” आम्ही परत जाऊन रिकाम्या जहाजावर चहा घेतला.

महिना कुठला? मे कोरडा असतो, बर्फ शिखरांवर अजून असतो, गर्दी कमी. जूनमध्ये जूनोला दिवस अठरा तासांचा. जुलै-ऑगस्टमध्ये सॅमन नद्यांतून वर चढतात आणि अस्वलं त्यांच्यामागे. सप्टेंबरमध्ये पाऊस, पण एक मोठा लाभ असतो. ग्लेशियर बेमधली जॉन्स हॉपकिन्स हिमनदीची खाडी सीलच्या पिल्लांसाठी उन्हाळाभर मोठ्या जहाजांना बंद असते, ती १ सप्टेंबरला उघडते. तीच ग्लेशियर बेची ओळ, पण सप्टेंबरच्या पानावर ती एका खाडीने लांब. मी अजून ती पाहिलेली नाही.

आणि एक पान असं आहे की जे प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत सापडत नाही. अलास्का राज्याची स्वतःची फेरी सेवा, १९६३ पासून चाललेली. सिएटलच्या उत्तरेला बेलिंगहॅमहून ती सुटते आणि त्याच आतल्या वाटेने दीडेक दिवसात केचिकनला पोचते. अमेरिकी झेंडा, म्हणून व्हिक्टोरिया नाही आणि कॅनडाचा व्हिसाही नाही. ट्रक, कुत्री, शाळेच्या बास्केटबॉल संघांची पोरं, मासेमारीवर निघालेले खलाशी सगळे एकत्र. ज्यांना केबिन परवडत नाही ते वरच्या डेकवर चिकटपट्टीने तंबू चिकटवून झोपतात. ग्लेशियर बे तिच्या वाटेत येत नाही, ती उणीव खरी. पण साठीच्या आतल्या, पाठ शाबूत असलेल्या माणसाने आधी हीच बोट घ्यावी असं मला वाटतं. ताईला मी हे सुचवलं, तेव्हा तिने चिकटपट्टी हा शब्द दोनदा उच्चारला आणि विषय बदलला.

तर निवाडा असा : व्हँकुव्हरहून निघणारं, दोन हजारांच्या आतबाहेर प्रवाशांचं, नाक उघडं ठेवणारं जहाज, पानावर नाव घेऊन लिहिलेलं ग्लेशियर बे, आणि जमलं तर सप्टेंबरचा पहिला आठवडा. कॅनडाचा व्हिसा तिकिटाच्या आधी काढा. ग्लेशियर बेच्या सकाळी सहाला पुढच्या डेकवर या, कानटोपी घालून. पण मार्जरी समोर आली की ती कानांवरून वर सारा.